राजारामपुरीतलं 'मॅडमचं जर्मन': पाचपैकी चार, एक गुण स्पीकरचा कापला

पत्ता आधी सांगते, कारण बोर्ड बघून आजपर्यंत कुणालाच सापडलेला नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत जनता बाजारच्या चौकातून आत यायचं, गाद्यांचं दुकान दिसलं की त्याच्या अंगचा अरुंद जिना. दुसरा मजला. दारावर पुठ्ठ्याचा तुकडा टांगलाय, त्यावर स्केचपेननं 'जर्मन' एवढंच लिहिलंय. क्लासला नाव नाही. पावतीवरही नाही, नुसती तारीख, रक्कम आणि सही. सगळे 'मॅडमचं जर्मन' म्हणतात, मीही तेच म्हणते. गाडी लावायची सोय नाही. गादीवाला शटरपुढं लावू देत नाही. समोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा, तो बिचारा कुणालाच नाही म्हणत नाही.

मी इथं तेवीस महिने गेले. जून 2023 ला ए1 च्या, म्हणजे भाषेच्या पहिल्या पायरीच्या, बॅचला बसले आणि एप्रिल 2025 ला चौथी पायरी, बी2, संपवून उठले. आता जर्मनीत उल्म नावाच्या गावात एका हॉस्पिटलात कामाला आहे, सात महिने झाले. क्लास संपल्या दिवशी पेढे वाटता वाटता लिहिलेला हा अभिप्राय नाही. शिकलेलं रोज ड्यूटीवर वापरून, कुठं टिकलं नि कुठं उसवलं ते बघून लिहितेय. चप्पल दुकानात सगळ्यांनाच बरी बसते, चावते का ते आठवड्यानं कळतं.

थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. जीएनएम केलेली नर्स, चौदा वर्षं कोल्हापुरातल्याच खासगी हॉस्पिटलात, त्यातली सहा आयसीयूत. आमचे हे शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्न बनवायचे. ऑक्टोबर 2022 मध्ये सेकंड शिफ्ट करून आले, जेवले, छातीत जळजळतंय म्हणाले. वय 44. आयसीयूतली बाई घरात असून काही झालं नाही, एवढंच लिहिते.

बांगड्यांचा विषय निघालाच. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. सगळ्या पेपरांत आलेलं. पाचच महिन्यांनी आमच्या दारात एक चुलत सासू तेच काढून बसली. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतःचा मुलगा गेलेला, भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिथनंच म्हणाल्या, "हेरवाडात बंद झालंय ते मंगळवार पेठेत चालू करतीस व्हय?" विषय संपला. बांगड्या राहिल्या. पण त्यानंतरचं वर्षभर दूधवाला, भाजीवाली, वॉर्डातल्या मावशी, सगळे माझ्याशी आवाज खाली आणून बोलायला लागले. आमच्याकडं माणूस शेजारच्याशीसुद्धा पंचगंगेच्या पल्याड ऐकू जाईल असं बोलतो. त्या गावात माझ्यापुरता आवाज बारीक झाला. चांगुलपणानंच करत होते. मला मात्र रोज कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटायचं, आणि ते कुणीतरी मीच असायचे.

जर्मनीचं खूळ हॉस्पिटलातनं आलं. आमची एक ज्युनियर पोरगी तिकडं गेली, तिनं पगाराची स्लिप पाठवली, ती अख्ख्या नर्सिंग स्टेशनवर फिरली. मी एका एजंटकडं गेले. त्यानं साडेतीन लाख सांगितले, आणि "भाषा आम्ही चार महिन्यांत करून देतो" म्हणाला. परत येताना हा जिना चढले. मॅडमना उभ्या उभ्या विचारलं, चार महिन्यांत होतं का? म्हणाल्या, "चार महिन्यांत लग्न जमतं. भाषा नाही." मग खुर्ची दिली आणि सांगितलं, की नर्स पाहिजे असते त्या हॉस्पिटलांना, खर्चही त्यांनीच करायचा असतो. नर्सकडून पैसे न घेता भरती करणाऱ्यांना जर्मन सरकारमान्य शिक्का मिळतो, तो तुमच्या एजंटकडं आहे का विचारा. मी विचारलं. त्यानं बघून सांगतो म्हणून फोन ठेवला, अजून बघतोय.

म्हणून क्लासचा पहिला गुण प्रामाणिकपणाचा. आमच्या बॅचला चार पोरं इंजिनियरिंगची होती, जर्मनीत शिक्षण फुकट म्हणून आलेली. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, की बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो फी आहे, राज्य बघून अर्ज करा. एक पोरगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, असं दुकान मी कोल्हापुरात फार बघितलेलं नाही.

पहिला आठवडा स्वतःची ओळख. नाव, गाव, वय, काम, आणि मग 'फामिलिएनश्टांड' म्हणून एक रकाना. मॅडमनी फळ्यावर चार शब्द लिहिले: लेडिग, फेरहायराटेट, गेशीडन, फेरविट्वेट. अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, आणि चौथा. पोरं सगळी लेडिग. एकेक उठून 'इश बिन लेडिग' म्हणायचं, खिदळायचं, बसायचं. मी शेवटच्या बाकावर. माझी पाळी येईपर्यंत हातातली वही घामानं ओली झाली होती. उठले आणि फेरहायराटेट म्हणाले. विवाहित. मॅडमना माझं माहीत होतं, ॲडमिशनच्या वेळी सांगितलेलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा सगळ्यांची पाळी, पुन्हा मी विवाहित. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी म्हणाले, "इश बिन फेरविट्वेट." उच्चार चुकला होता. मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला व नाही, फ. फेर. पुन्हा." मी पुन्हा म्हणाले. "अजून एकदा, ट स्पष्ट." तिसऱ्यांदा म्हणाले. "बरोबर. पुढचा."

पुढचा उठला, इश बिन लेडिग म्हणाला, बसला. कुणाचा आवाज खाली गेला नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती गोष्ट मी मोठ्यानं म्हणाले आणि समोरच्या माणसाला त्यातलं फक्त 'ट' खटकलं. घरी जाताना गंगावेशीतनं गेले, कट्ट्यावर म्हशीचं दूध घेतलं, तिथंच उभं राहून पिले. बाई माणूस एकटी कट्ट्यावर दूध पिते म्हणून दोघं-तिघं बघत होते. बघू देत.

काही दिवसांनी मॅडमनी शेजारी शेजारी दोन रकाने काढले. एकीकडं नाम, दुहिता, द्वार, नव. दुसरीकडं नामे, टोख्टर, ट्युर, नॉयन. जर्मन आणि संस्कृत लांबच्या नात्यातल्या, एका मुळातनं फुटलेल्या, म्हणून हे शब्द असे सारखे. शेवटची ओळ लिहिताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही: विधवा, विटवे. खडू ठेवला आणि म्हणाल्या, हा शब्द हजारो वर्षं जसाच्या तसा राहिलाय, कारण त्याची गरज प्रत्येक पिढीत पडली. मग गृहपाठ दिला. मॅडमचं माहेर पुण्याचं, बोलणं अजून तसंच आहे. सांत्वन वगैरे प्रकार त्यांच्याकडं नाही. ज्यांना तो पाहिजे त्यांनी दुसरा क्लास बघावा.

व्याकरणाला मात्र तोड नाही. डेर, डी, दास म्हणजे आपलं तो, ती, ते. इंग्लिश मीडियमची पोरं तक्ते पाठ करून रडकुंडीला यायची. मॅडम म्हणायच्या, पंखा तो, खुर्ची ती, कपाट ते, हे तुम्हाला कुणी पाठ करायला लावलं होतं? कानाला लागलं ना? तसंच हे लागेल. मुलगीला जर्मनमध्ये 'दास मेडशन' म्हणतात, म्हणजे 'ते'. पोरं हसली. मॅडम म्हणाल्या, तुमच्यात लेकरू, पोरगं, कार्टं सगळं 'ते'च असतं की, हसताय काय? एरवी आम्हाला 'तुमच्यात' म्हणून टोचणाऱ्या बाईनं आमचीच बोली आमच्या कामाला लावली.

आणि एक गंमत. आमच्या कोल्हापूरच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. मी लिहिताना 'गेले' लिहिते, तोंडानं अजून 'गेलो'च. पुण्याला ट्रेनिंगला गेले होते तेव्हा यावरनं हसून घेतलंय लोकांनी. जर्मनमध्ये 'इश गेहे', बाई म्हणो की बाप्या म्हणो, क्रियापद तेच. मॅडमना म्हटलं, बघा, जर्मन कोल्हापूरचीच निघाली. त्या पहिल्यांदा हसल्या. तेवीस महिन्यांत मोजून तीनदा हसल्या असतील.

आता तक्रारी. ऐकण्याचा सराव अगदी वाईट आहे, आणि हे मी मॅडमच्या तोंडावर सांगितलेलं आहे. एक निळा ब्लूटूथ स्पीकर, एका बाजूनं फाटलेला. त्यातनं जर्मन बाई बोलायला लागली की सीबीएस एसटी स्टँडला गाड्या पुकारतात तसं वाटायचं, काहीतरी महत्त्वाचं चाललंय आणि आपली गाडी चुकणार. त्यात खाली गादीवाल्याचं कापूस पिंजायचं मशीन. दुपारी बंद असतं, नेमकं सहाला क्लास सुरू झाला की सुरू. खिडकी उघडी ठेवली तर आवाज आणि कापसाचे तंतू, बंद ठेवली तर उकाडा. माझ्या ए2 च्या वहीत अजून पानांच्या मध्ये कापूस आहे. स्पीकर बदला म्हणून आम्ही वर्गणी काढायला तयार होतो. मॅडम म्हणाल्या, "परीक्षेतही आवाज खराबच असतो." नसतो. चांगला असतो.

त्याची किंमत मला पडली. बी1 ची परीक्षा पुण्यात बोट क्लब रोडला, माक्स म्युलर भवनात. रात्रीची एसटी धरून पहाटे स्वारगेटला उतरले, तिथंच तोंड धुतलं, केळी खाल्ली, परीक्षेला बसले. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात शंभरपैकी साठ पाहिजेत. वाचनाला 83 पडले. ऐकण्याला 53. मधले दोन उतारे एकदाच ऐकवतात, पुन्हा नाही, आणि माझा कान अजून पिंजायच्या मशीनमधनं वाट काढत होता. बरं एवढंच, की राहिलेला भाग तेवढा वेगळा देता येतो. नाइट ड्यूटीत एका कानात इअरफोन घालून जर्मन रेडिओवरच्या बातम्या, हवामान, जे लागेल ते ऐकत राहिले. दुसऱ्या खेपेला 70. फीचे, एसटीचे, रजेचे पैसे दुसऱ्यांदा गेले. एक गुण त्याचाच कापलाय.

किरकोळ तक्रारी: संडास खालच्या मजल्यावर, किल्ली गादीवाल्याकडं. भरलेली फी परत मिळत नाही. नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स, उमलाउटचे, म्हणजे काही जर्मन स्वरांच्या डोक्यावरचे, दोन ठिपके कुठं गेले ते आपणच शोधायचं. बास.

कागदपत्रांचं मॅडम बघत नाहीत, आणि बघत नाही हे आधीच सांगतात. त्यामुळं मी एका कागदपत्रवाल्याकडं गेले, त्यानं सगळ्या दाखल्यांवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारतात तो, शिक्का मारून आणायचे पैसे घेतले. भारत त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात 2005 पासून आहे, पण आपल्या प्रवेशाला जर्मनीचा आक्षेप आहे, त्यामुळं त्यांच्याकडं तो शिक्का चालतच नाही. पैसे गेल्यावर हे कळलं. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. अहो, तुम्हीच म्हणालात विचारू नका!

नावाची भानगड त्याहून मोठी. मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मधे यांचं नाव. आपल्याकडं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. जर्मन फॉर्मवर मधल्या नावाला रकानाच नाही. पासपोर्टवर माझं आणि यांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये एका ओळीत आहे, म्हणून तिकडं दोन्ही मिळून माझं 'फोरनामे', माझं पहिलं नाव. जर्मनीच्या लेखी मला दोन नावं आहेत, त्यातलं दुसरं यांचं.

आता ऐका. मी लग्नाच्या सोळा वर्षांत यांचं नाव तोंडानं घेतलं ते फक्त उखाण्यात. लग्नात घास भरवताना, डोहाळजेवणाला, नंतर एक-दोन हळदीकुंकवांना. एरवी 'अहो'. आमच्या घरात तशीच पद्धत, आणि मला त्याचं काही वाईट वाटलेलं नाही. क्लासमध्ये स्पेलिंग सांगायचा धडा आला. फोनवर समोरचा विचारतो, 'वी श्राइब्ट मान दास?', हे कसं लिहायचं? मग एकेक अक्षर जर्मन उच्चारात सांगायचं. मॅडमनी मला पूर्ण नाव सांगायला लावलं. सुट्या अक्षरांत म्हटलं की नाव घेतल्यासारखं होत नाही, ही एक सोय झाली. बँक, विमा, शहराची नोंदणी कचेरी, इथं आल्यावर पहिल्या महिन्यात मी ते नाव वीसेक वेळा तरी असं फोडून सांगितलं असेल. एकदाही अडखळले नाही. याचं श्रेय क्लासला.

व्हिसाच्या आधी लोकांचं सुरू झालं होतं. चाळिशीला आली, पोरगी ठेवून चालली, काय कमी होतं इथं. शेजारच्या काकू आत्तींना म्हणाल्या, या वयात शिकून काय करायचंय? आत्ती चौथी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "शाहू महाराजांनी विधवा सुनेला सोनतळीला ठेवून शिकवलं तवा तू विचारायला गेलीवतीस व्हय?" इंदुमती राणीसाहेबांची गोष्ट आमच्याकडं पेठेतल्या बायकांना तोंडपाठ असते. ती माझ्या कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

उल्म डोनाउ नदीवर आहे, भूगोलात आपण डॅन्यूब शिकतो ती. पूल ओलांडला की नॉय-उल्म, ते बायर्न राज्यात. आपल्याकडं कागल सोडलं की कर्नाटक, तसं. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी मला कळलं, की मॅडमनी शिकवलेलं जर्मन इथं कुणीच बोलत नाही. इथली बोली श्वेबिश. म्हणजे कुणी सदाशिव पेठेत मराठी शिकून थेट आमच्या गडहिंग्लजच्या बाजाराला जावं, तसं. याची क्लासमध्ये पुसटशी सूचनासुद्धा नव्हती.

पण ऐका काय झालं. क्लासमध्ये मॅडमनी आमच्याकडनं आठवडाभर घोटून घेतलं होतं: 'फूस' म्हणजे घोट्याखालचं पाऊल, 'बाइन' म्हणजे वरचा पाय, मराठीत दोन्हीला पाय म्हणता म्हणून घोटाळा करू नका, नर्स आहात, चुकीच्या जागी पट्टी बांधाल. मी पक्कं केलं. इथं पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे शेतकरी, ऐंशीच्या पुढचे, म्हणाले फूस दुखतोय. मी पांघरूण काढून पावलं तपासली. सूज नाही, रंग ठीक, नाडी लागतेय. ते वैतागले, मांडीवर थाप मारून पुन्हा तेच, फूस! श्वेबिशमध्ये कमरेपासून बोटांपर्यंत सगळा 'फूस'च. आपला पायच तो. मॅडमनी आठवडाभर घालवून जे माझ्या डोक्यातनं काढलं, ते इथं जसंच्या तसं चालत होतं. तसंच 'टेपिश'. पुस्तकात गालिचा. इथली आजी टेपिश मागते तेव्हा तिला थंडी वाजत असते, घोंगडी पाहिजे असते. मी खाली फरशीकडं बघत उभी. 'हेबन' म्हणजे उचलणं, असं शिकले. सोबतीची सिस्टर पेशंटचा हात 'हेबन' कर म्हणाली तर मी उचलला, तिला नुसता धरायला पाहिजे होता. मॅडमना फोन करून सांगितलं. म्हणाल्या, "ते जर्मन नव्हे." हेच त्या कोल्हापुरी ऐकून मराठीबद्दल म्हणायच्या.

कामाचं थोडं लिहिते, कारण नर्स मुली मेसेज करून हेच विचारतात. तिकडं चौदा वर्षांची सिनियर असलात तरी इथं आल्या आल्या तुम्ही मदतनीस. परदेशी नर्सच्या शिक्षणाला मान्यता द्यायचं आमच्या राज्याचं काम श्टुटगार्टच्या सरकारी कचेरीत चालतं. तिथनं पत्र येतं, 'डेफित्सिटबेशाइड', सरळ मराठीत तुमच्यात काय कमी आहे त्याची यादी. सासरी आल्यासारखं वाटलं. मग परीक्षा तरी द्यायची नाहीतर ठरावीक तासांचं प्रशिक्षण पुरं करायचं, तेव्हा 'फ्लेगेफाखफ्राउ', म्हणजे पूर्ण मान्यतेची नर्स, ही पदवी लावता येते. मी प्रशिक्षण घेतलंय, अजून चालू आहे. आणि पेशंटला आंघोळ, तोंड धुणं, जेवण भरवणं हे इथं नर्सचंच काम. आपल्याकडं ते नातेवाईक किंवा मावशी करतात. पहिला महिना मला ते फार लागलं. आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळलेली बाई म्हाताऱ्यांच्या पाठी चोळतेय असं वाटायचं. आता सकाळी पाठ पुसताना माणूस जे बोलतो त्यातनंच माझा कान तयार झाला, स्पीकरनं झाला नाही.

वॉर्डात ड्यूटीचा तक्ता लागतो, त्यावर माझं पूर्ण फोरनामे छापतात. एका सोबतिणीला माझं नाव म्हणायला जमेना. ती चांगली बाई, मला दळणवळणाचा पास काढून देणारी तीच. तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, तुझं दुसरं नाव सोपं आहे, छोटं आहे, त्यानं हाक मारली तर चालेल का? मी औषधांची ट्रॉली लावत होते. हातातल्या गोळ्यांचा हिशेब चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग सांगितलं, ते नाव माझ्या नवऱ्याचं आहे, तो गेला, आणि त्या नावानं मीच कधी हाक मारली नाही, तर तू कशी मारणार? हे वाक्य कुठल्या पुस्तकात नव्हतं. मोडकंतोडकं का असेना, सगळं जर्मनमध्ये म्हणाले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग माझं पहिलं नाव म्हणायचा प्रयत्न करत बसली. 'ट' स्पष्ट कर म्हणून मी तिला तीनदा म्हणायला लावलं.

लेक आठवीत आहे. सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना व्हिसासाठी भाषेची परीक्षा लागत नाही, पण शाळेत बसायचं तर भाषा पाहिजेच, म्हणून जानेवारीपासून तिला मॅडमकडं घातलंय. आत्ती सोबत जातात, झेरॉक्सवाल्याच्या स्टुलावर दीड तास बसतात. त्या इकडं येणार नाहीत म्हणतात. तिकडं कट्ट्यावरचं दूध मिळतंय काय, हा त्यांचा एकच मुद्दा, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही. खालच्या मजल्यावर दीर-जाऊ आहेत, पण आत्ती मागं राहतील हा विचार मनातनं जात नाही.

परवा लेकीनं गृहपाठाचा फोटो पाठवला. 'माझं कुटुंब' या विषयावर पाच वाक्यं. माझी आई नर्स आहे, माझी आजी कोल्हापुरात आहे, असं. वडिलांच्या वाक्यात तिनं 'इस्ट' लिहून खोडलं होतं, आणि वर मॅडमच्या लाल पेननं 'वार' लिहिलेलं होतं. इस्ट म्हणजे आहे, वार म्हणजे होता. मी लेकीला फोन करून विचारलं, हे तुम्हाला इतक्यात कसं आलं? भूतकाळ पुस्तकात बराच पुढं आहे, आमच्या बॅचला तर कितीतरी उशिरा शिकवला होता. म्हणाली, "मी मॅडमना विचारलं होतं, बाबांचं कसं लिहायचं. मग त्यांनी सगळ्या वर्गालाच तो एक शब्द आधी शिकवला." "आणि स्पीकर?" म्हटलं. स्पीकर तोच आहे.

माझ्या वेळी ए1 ची फी साडेदहा हजार होती, दोन हप्ते चालतात. पावती मागून घ्या. संध्याकाळची बॅच सहा ते साडेसात, रविवारी सुट्टी. शिफ्ट ड्यूटीवाल्यांनी आधी बोलून घ्या, बुडालेला तास मॅडम शनिवारी दुपारी भरून देतात, तेव्हा पिंजायचं मशीनही बंद असतं. ऐकण्याचा सराव घरी स्वतःच्या इअरफोनवर करा, पहिल्या दिवसापासून. आणि गादीवाल्याच्या शटरपुढं गाडी लावू नका, तो खरंच हवा सोडतो.